माशाचं कुलूप

"मासा सापडला का?"

थ्येन ताये रोज दुपारी चारला खड्ड्याच्या काठाशी येऊन उकिडवे बसायचे आणि एवढंच विचारायचे. मी खाली गुडघ्यांवर, हातात ब्रश, नाकात राख. ते वर, निळ्या कापूस भरलेल्या कोटाच्या बाह्यांत दोन्ही हात खुपसून.

"नाही, ताये. मासे नदीत असतात. इथे नुसती राख आहे."

"लोखंडाचा आहे. एवढा." ते एक हात बाहेर काढून तळहात दाखवायचे आणि थंडी वाजून परत आत घालायचे. "बरं. उद्या बघ."

मी मनाशी हसायचो. आमच्या विदर्भात कुठेही खोदकाम काढा, गावातला एक म्हातारा येऊन धनाच्या हंड्याची चौकशी करणारच. इथे हंड्याच्या जागी मासा. गाव बदललं तरी म्हातारे तेच, असं मी डायरीत लिहूनही ठेवलं होतं. मोठा शहाणा होतो मी तेव्हा.

एक्क्याण्णव सालचा हिवाळा होता. चीनमधल्या हनान प्रांतातलं डोंगराच्या कुशीतलं एक खेडं. प्राचीन चिनी लोक लोखंड कसं गाळत, यावर मी पुण्यात प्रबंध लिहीत होतो आणि शिष्यवृत्तीवर तिकडे गेलो होतो. पहिलं वर्ष भाषा शिकण्यात गेलं, दुसरं खड्ड्यात. आपल्याकडे जुने कारागीर दगडातून लोखंड काढायचे ते वितळू न देता, मऊ गोळा करून, मग घणाने ठोकून. चिन्यांनी दोन हजार वर्षांपूर्वीच ते पाण्यासारखं वितळवून साच्यात ओतलं होतं. ते ओतीव लोखंड ठिसूळ, म्हणून पुन्हा लहानशा भट्टीत घालून कांदा परतावा तसं ढवळायचे, की त्याचं पोलाद व्हायचं. त्या रीतीला त्यांच्या भाषेत 'परतणं' असंच म्हणतात. अशा परतायच्या भट्ट्या फार थोड्या सापडल्या होत्या, आणि आमच्या खड्ड्यात जी वर येत होती ती तशीच दिसत होती. कढईएवढा गोल तळ, भाजून लाल झालेली माती, कोळसा. ती खरी ठरली तर प्रबंधाचं मुख्य प्रकरण झालं, शिष्यवृत्तीला एक वर्ष वाढीव मिळालं आणि पुण्यातली एकुलती एक रिकामी जागा जवळजवळ माझी झाली. नाही ठरली तर मार्चमध्ये गाठोडं बांधून परत. हे गणित मी रोज झोपताना करायचो.

प्रमुख होते प्राध्यापक क्वो. सज्जन माणूस, पण महिन्यातून दोनदाच यायचे. मजूर गहू पेरायला गेले ते गेलेच. मग उरलो मी आणि थ्येन ताये. ताये म्हणजे मोठे काका. तिकडे वडीलधाऱ्याला असंच हाकारतात. ज्या जुन्या धान्यकोठारात माझी खाट होती त्याचे ते राखणदार. माझा स्वयंपाकही तेच करायचे. साठीला टेकलेले, बोलायला कंजूष. माझं आडनाव मांडवकर. ते त्यांच्या जिभेला पेलेना, म्हणून मी नुसता 'मा', आणि वयाने लहान म्हणून शियाओ मा.

एकटेपणा म्हणजे काय ते मला त्या कोठारात कळलं. पत्र पंधरवड्याने यायचं, तेही हिंगणघाटहून बाबांनी शेजारच्या मास्तरांकडून लिहवून घेतलेलं: आम्ही सुखरूप, तू सुखरूप असावास. मी दर वेळी उत्तर उद्यावर टाकायचो. कानांवर मराठी पडावी म्हणून मी संध्याकाळी मोठ्याने पाढे म्हणत असे. सत्ताविसाचा, एकोणतिसाचा. एकदा ताये भांडी घासता घासता थांबले.

"कोणाशी बोलतोस?"

"कोणाशीच नाही."

"हं," ते म्हणाले. "मीपण." आणि पुन्हा कढई घासायला लागले.

त्यांचं लग्न झालेलं होतं एवढं मला माहीत होतं. बायको नदीपलीकडच्या गावात भावाकडे राहते, असं एका मजुराने सांगितलं होतं. चार किलोमीटरवर. का राहते, हे मी विचारलं नाही. आपल्याला काय करायचंय, असं म्हणायची मला सवय होती.

डिसेंबरच्या मध्याला भट्टीच्या तळाशी गोळा लागला. नारळापेक्षा मोठा, काळा, गंजाने फुगलेला, जमिनीला घट्ट चिकटलेला. भट्टी विझताना तळाशी जे गोठून राहतं ते. दोन हजार वर्षं जुन्या भट्टीचं पोट माझ्या हातात होतं!

ताये काठावरून खाली उतरले. असं ते कधी करत नसत.

"त्यात असेल," ते म्हणाले. "जपून हं, शियाओ मा. आत मासा असेल."

"हो हो, ताये," मी म्हणालो. माझं लक्ष कुठे होतं!

तालुक्याच्या टपाल कचेरीतून क्वोंना फोन लावला. ते इतके खूश झाले की दोनदा खोकले. "बुधवारी प्रांताचे अधिकारी घेऊन येतो. तोवर कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली बघून ठेवता येईल का?"

"येईल," मी म्हणालो.

इथे एक कबूल करायला हवं. असा गोळा कापण्याआधी त्याचा क्ष-किरण फोटो काढायचा असतो. जिल्ह्याच्या गावी ती सोय होती, पण पाळी यायला पंधरा दिवस. आणि आम्हा धातुवाल्यांना एक खोड असते: वस्तू समजून घ्यायची तर आधी ती कापायची. आतला कण दिसला की तिचा जन्म दिसतो, असं आम्हाला शिकवतात. तिला जन्माव्यतिरिक्तही काही असू शकतं, हे शिकवत नाहीत.

मंगळवारी सकाळी तालुक्यात ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात गोळा शिकंज्यात अडकवला आणि त्याच्या कापायच्या चाकाखाली धरला. तासभर ठिणग्या उडत होत्या. मग दोन अर्धी कलिंगडासारखी बाजूला पडली.

काळी काच झालेली धातूची मळी. कोळशाचे तुकडे. कढईची अर्धवट वितळलेली खापरं. आणि कडेला, मळीत रुतलेला, स्वच्छ कापला गेलेला एक षट्कोन. मध्ये भोक, भोकाला आटे.

नट होता तो. सायकलला असतो तसला नट.

दुकानदाराने माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं. "बारा नंबरचा पाना लागेल," तो म्हणाला.

मी तिथे ऑइलच्या डब्यावर बसून राहिलो. दोन हजार वर्षं गेली, प्रकरण गेलं, पुण्याची जागा गेली. ही भट्टी अठ्ठावन्न सालची होती. त्या साली देशभर गावागावांत लोकांनी अंगणात, शेतात भट्ट्या उभारल्या होत्या आणि घरातल्या कढया, कड्या-कोयंडे त्यांत घालून पोलाद करायचा प्रयत्न केला होता. बहुतेक ठिकाणी निघाला तो असला निरुपयोगी गोळा. हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणून तर क्वोंनी खोदण्याआधी गावात विचारलं होतं, इथे तशी भट्टी होती का? थ्येन ताये सगळ्यांच्या पुढे होऊन म्हणाले होते, "नव्हती. ही फार जुनी आहे. माझ्या पणजोबांच्याही आधीची." बाकीच्यांनी नुसत्या माना डोलावल्या होत्या.

मग मी दुसरं पाहिलं. गोळ्याच्या मधोमध, दोन्ही अर्ध्यांत, लोखंडी पत्र्याची एक पोकळ चौकट होती. मी हातोडीने भोवतालची मळी हळूहळू उडवली. एका अर्ध्यातून डोकं निघालं, दुसऱ्यातून शेपूट. छिन्नीने कोरलेले खवले. उघडा, गोल डोळा. तळहाताएवढा मासा, मी बरोबर मधून कापलेला.

कोठारात परतलो तेव्हा ताये कणीक मळत होते. मी फडकं उघडून दोन्ही तुकडे त्यांच्यासमोर ओट्यावर ठेवले. मला खरं तर रागाने विचारायचं होतं. पण त्यांनी हात पुसले, दोन्ही तुकडे उचलले आणि एकमेकांना लावून पाहिले. मग परत खाली ठेवले आणि कणीक मळायला लागले.

"ताये, तुम्ही खोटं का सांगितलंत?"

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही खोदलं असतं?"

नसतंच खोदलं.

"भट्टी बुजवली, वर पाच हात माती," ते कणकेकडे बघत म्हणाले. "आधी सगळ्या गावाचा गहू, मग जमिनी वाटल्यावर वांगच्या घरचा. मी कोण तिथे फावडं मारणारा? आणि कोणी विचारलं काय शोधतोस, तर काय सांगू? मग तुम्ही आलात. ब्रशने खोदणारे लोक. म्हटलं, हे माशाला धक्का लावणार नाहीत."

मी ओट्यावरच्या दोन तुकड्यांकडे पाहिलं.

"त्या भट्टीचा म्होरक्या मीच," ते पुढे म्हणाले. "सव्वीस वर्षांचा होतो. अमुक इतकं लोखंड द्यायचं, असं ठरलेलं. शिउयिंगच्या, माझ्या बायकोच्या, माहेरच्या पेटीला हे कुलूप होतं. तिच्या वडिलांनी केलेलं. मासा डोळे मिटत नाही ना, झोपतच नाही, म्हणून कुलूप माशाचं. तिने ते लपवलं. मी शोधून काढलं." त्यांनी कणकेचा गोळा उलटा केला. "शोधून नुसतं भट्टीत टाकलं असतं तरी चाललं असतं. मी गावाच्या बैठकीत उभा राहिलो आणि म्हणालो, माझ्याच घरात लोखंडचोर आहे. तिला बाकावर उभं केलं. सगळ्यांसमोर. दुपारभर."

चुलीवरचं पाणी उकळायला लागलं होतं. ते उठले नाहीत.

"ती बाकावरून उतरली. पेटी उचलली, किल्ली गळ्यात घातली आणि नदीपलीकडे गेली. मासा घेऊन ये, मग बघू, एवढं म्हणाली. तेहेतीस वर्षं झाली. बाजारात दिसते. गेल्या वर्षापर्यंत माझ्याकडे बघायची नाही. आता बघते, पण बोलत नाही."

त्या रात्रीच्या शेवया अळणी होत्या. दोघांनीही तशाच खाल्ल्या.

बुधवारी दुपारी क्वो येणार होते. नटाने भट्टीचा निकाल लावलाच होता. पण कुलूपही खड्ड्यात सापडलेली वस्तू होती, चिठ्ठी लावून ते नमुन्यांच्या पेटीत जायला हवं होतं. आमच्या विद्येतलं सगळ्यात मोठं पाप म्हणजे सापडलेला धातू पुन्हा तापवणं. तापला की आतले कण नवे होतात. तो कसा घडला होता ते कायमचं पुसलं जातं. मी स्वतः यावर एका सहकाऱ्याला चारचौघांत झापलं होतं.

सकाळी सहाला उठून मी चूल पेटवली. तिकडे चुलीला लाकडी खोक्याचा भाता असतो. आपल्या चामड्याच्या भात्याला एकदा ओढायचं आणि एकदा दाबायचं. या खोक्याचा दांडा ओढा नाहीतर ढकला, वारा थांबतच नाही. तो भाता पहिल्या दिवशी पाहिला तेव्हाच बाबांना लिहायला हवं होतं.

ताये दारात येऊन उभे राहिले.

"भाता धरा," मी म्हणालो.

धातूला धातू जोडायला लागणारा टाकणखार मी आदल्या दिवशी ट्रॅक्टरवाल्याकडूनच मागून आणला होता. म्हणजे मन आधीच ठरलं होतं, मला उशिरा कळलं इतकंच. पितळ हवं होतं. माझ्या ट्रंकेला पितळी कुलूप होतं, निघताना बाबांनी दिलेलं. त्याची एक कड मी कानशीने घासली. पिवळा चुरा टाकणखारात कालवला, माशाच्या दोन्ही कापलेल्या कडांना लिंपला, अर्धी एकमेकांना लावून तारेने बांधली आणि निखाऱ्यात ठेवली.

पंधरा वर्षांत मी चिमटा हातात धरला नव्हता. तरी तो बरोबर बसला. लोखंड काळ्याचं जांभळं झालं, जांभळ्याचं लाल. मी मध्येच निखारे ढवळायला गेलो तर कानाशी बाबांचा आवाज आला: "लोखंडाले घाई करू नको रे, थे आपल्या वेळेनंच लाल होते." हात मागे घेतला. मग सगळ्या जोडावर पितळ एकदम वितळून पाझरलं आणि मी मासा उचलून राखेत ठेवला.

"हे विद्यापीठात शिकवतात?" तायेंनी विचारलं.

"नाही. माझे वडील लोहार आहेत."

पुण्यात मी हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. वडील वर्कशॉपमध्ये असतात, असं सांगायचो. पहिल्यांदा म्हणालो ते चिनी भाषेत, एका चिनी म्हाताऱ्याला. आणि आभाळ कोसळलं नाही. त्यांनी फक्त मान हलवली, चांगली माहिती मिळाल्यासारखी.

मासा निवला. पोटावर पिवळी रेघ पडली होती, आणि चाकाने खाल्ल्यामुळे तो मुळापेक्षा दोन-तीन मिलिमीटर आखूड झाला होता.

"ताये, हे उघडणार नाही आता. बंदही होणार नाही. आतला खिळा गंजून गेलाय."

"तिने कुलूप नाही मागितलं," ते म्हणाले. "मासा मागितला."

त्यांनी दाढी केली. कोट झटकला. मासा स्वच्छ फडक्यात गुंडाळून छातीशी ठेवला आणि निघाले. फाटकापाशी वळून म्हणाले, "चारला येतो. कढईत भात आहे."

दुपारी क्वो आले, अधिकाऱ्यांना न घेता. गाडी घाटात बंद पडली होती म्हणून ते एकटेच बसने पुढे आले. ते बरंच झालं. मी त्यांच्यासमोर नट ठेवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"नट," ते म्हणाले.

"नट."

"तुम्हाला कोणी सांगितलं का? गावातल्या कोणी?"

"नाही. नटानेच सांगितलं."

ते खड्ड्याकडे वळले. "गोळ्यात आणखी काही होतं?"

"कढईची खापरं," मी म्हणालो.

गोळ्यातली मधली पोकळी त्यांना दिसलीच. माशाच्या आकाराची. त्यांनी बोटाने ती चाचपली, माझ्या भाजलेल्या अंगठ्याकडे पाहिलं आणि हात खिशात घातले. अठ्ठावन्न साली ते वीस वर्षांचे असणार, असं मी तेव्हा मनात मोजलं.

"बुजवून टाका," ते म्हणाले. "वाढीव वर्षाचं मात्र आता जमणार नाही. मला वाईट वाटतं."

"मलाही," मी म्हणालो. ते खरंच होतं. आजही आहे. पुण्याची ती जागा दुसऱ्याला गेली आणि मला पुढे नागपुरात कारखान्याच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढावी लागली. त्या खोदकामाच्या अहवालात कुलूप नाही. ते आज पहिल्यांदा सांगतोय.

चार वाजले. साडेचार. क्वो शेवटच्या बसने गेले. ताये आले नाहीत.

अंधार पडला तरी आले नाहीत. चूल गार होती. मी गार भात खाल्ला आणि पाढे म्हणायला सुरुवात केली, पण सत्ताविसाच्या चौथ्याला थांबलो. भांडी घासायचा आवाज नसला की पाढे म्हणवत नाहीत. नाना शंका मनात यायला लागल्या. नदीवरचा लाकडी पूल, त्यावरचा बर्फ. किंवा दारातूनच परत पाठवलं असेल आणि ते कुठे तरी बसून राहिले असतील, बाह्यांत हात खुपसून.

दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी टपालवाला सायकलवरून आला. बाबांचं पत्र होतं: आम्ही सुखरूप. मी त्याला विचारलं, नदीपलीकडे जातोस ना, थ्येन ताये कुठे दिसले का?

"दिसले की," तो म्हणाला. "एका अंगणात कोळसा फोडत होते. म्हातारी दारात उभी होती. म्हणत होती, एवढे मोठे तुकडे ठेवायचे का, चूल तुमच्या बापाची आहे का."

"आणि ते?"

"ते काय? आणखी बारीक फोडत होते."

तो गेला. मी कोठारात येऊन बसलो. इतका आनंद झाला होता की कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं, आणि ज्यांना सांगायचं ते तिकडे कोळसा फोडत होते. रडू आलं. कशाचं होतं ते मी तपासलं नाही. मग स्वतःच चूल पेटवली, पाणी ठेवलं आणि पाणी उकळेपर्यंत बाबांना पत्र लिहिलं. पहिलंच वाक्य लिहिलं: बाबा, टाकणखार तुम्ही म्हणायचात तेवढाच टाकला, जास्त नाही.

खड्डा एकट्याने बुजवायला मला सहा दिवस लागले. शेवटच्या दिवशी खड्डा गुडघ्याएवढाच उरला तेव्हा घड्याळात पाहिलं. चारच वाजले होते. काठावर त्यांची बसायची जागा तेवढी गुळगुळीत झालेली होती, बाकी सगळीकडे बर्फ.

मी फावडं टेकवून वर पाहिलं आणि मोठ्याने, मराठीत म्हणालो, "सापडला, ताये."

मग उरलेली माती ओढायला लागलो.